रेशन फुकट आहे, मग फूड बँक कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुर्ल्यातल्या एका सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाकडे खर्च वजा जाता थोडे पैसे शिल्लक राहिलेत. त्यातून वस्तीतल्या अडलेल्या घरांसाठी फूड बँक, म्हणजे शिधा गोळा करून गरजूंना देणारं केंद्र, सुरू करावी, असं तरुण कार्यकर्त्यांचं म्हणणं. जुनी मंडळी म्हणतात, सरकार रेशनवर धान्य फुकट देतंय, मुंबईत उपाशी झोपतंय कोण? शिवाय वाटलेलं धान्य लोक विकून टाकतात आणि फुकटची सवय लागते ती वेगळीच. तर फूड बँकेने घराला खरंच मदत होते का, आणि होत असेल तर नेमकी कशी?

मी गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जुन्या कार्यकर्त्यांचा पहिला प्रश्न रास्त आहे, आधी तोच घेऊ. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घराला ३५ किलो. पूर्वी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. जानेवारी २०२३ पासून तेवढेही द्यावे लागत नाहीत आणि १ जानेवारी २०२४ पासून ही सवलत पाच वर्षांसाठी वाढवली आहे. फार मोठा आधार आहे हा. रेशनला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही.

पण ५ किलोचा हिशेब मांडून बघा. ३० दिवसांत वाटले की रोजचे १६७ ग्रॅम, म्हणजे ५८० च्या आसपास कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मोजमापात मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,७०० च्या आसपास आणि बाईला २,१०० च्या वर लागतात. बाकीचं सगळं विकत. डाळ विकत, तेल विकत, मीठ-मिरची विकत, गव्हाचं दळण आणायचं तर गिरणीवाल्याचे पैसे वेगळे. रेशनचं धान्य एकट्याने कोणाचंच पोट भरत नाही, ते भरण्यासाठी ठरवलेलंही नाही.

आणि हे मिळतं कोणाला? महाराष्ट्रात शहरी भागात प्राधान्य कुटुंबात बसायला वर्षाचं उत्पन्न ५९,००० रुपयांच्या आत हवं, असं २०१३ साली ठरलं. महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. नाक्यावर उभा राहणारा बिगारी, त्याला महिन्यात वीस दिवस काम लागलं आणि रोजचे ६०० मिळाले, तर वर्षाचे १,४४,००० होतात. केशरी कार्डाची वरची हद्द १ लाख. म्हणजे कागदोपत्री हा माणूस पांढऱ्या कार्डाचा धनी, दक्षिण मुंबईतल्या फ्लॅटवाल्याच्या रांगेतला. (प्रत्यक्षात निम्म्या शहराने दाखल्यावर उत्पन्न कमी दाखवलेलं असतं. तसं नसतं तर कोणालाच काही मिळालं नसतं.) वर राज्याचा इष्टांक, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या, २०११ च्या जनगणनेवर बांधलेला, सुमारे ७ कोटी माणसांचा. तो भरला की पात्र असूनही अर्ज पडून राहतो, जागा रिकामी होईपर्यंत.

आता मुंबईतल्या भुकेकडे येते. बाजारात धान्य नाही, म्हणून इथे कोणी उपाशी राहत नाही. गल्लीगल्लीत वाणी आहे, अंडी-पाव रात्री अकरालाही मिळतो. अडतं ते भाड्यापाशी. गोवंडीच्या बैंगनवाडीतल्या दहा बाय बाराच्या खोलीला पाच-सहा हजार भाडं, डिपॉझिट वेगळं. नळ नसेल तर पाण्याचे कॅन विकत. लाईटबिल खोलीमालक सबमीटरवरून त्याच्या दराने घेणार. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता, मुलीच्या क्लासची फी, नवऱ्याचा ट्रेनचा पास, गावाला सासूच्या औषधाचे पैसे. यातलं काहीच अर्धं देता येत नाही. भाडं अर्धं दिलं तर मालक कुलूप लावतो. हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायका दारात येऊन बसतात. अर्धं करता येतं ते फक्त जेवण.

ते कसं कमी होत जातं, याचा क्रम ठरलेला असतो. मासे-मटण बंद. मग दूध चहापुरतं. रोजची भाजी दिवसाआड. डाळीत पाणी वाढतं. मग रात्रीचा भात आणि लोणचं, किंवा चहा-पाव. आणि घरात शेवटी जेवते ती बाई, त्यामुळे तिचं ताट सगळ्यांच्या आधी रिकामं होतं. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला आणि पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. हे आकडे दुष्काळाचे नाहीत, रोज चूल पेटणाऱ्या घरांचेही आहेत.

म्हणून फूड बँकेचं काम मी दोन भागांत बघते. महिन्याच्या ज्या दिवसांत घर अडतं त्या दिवसांत जेवणाचा खर्च उचलायचा, म्हणजे भाडं आणि हप्ता सुटतो आणि घर पठाणी व्याजात जात नाही. आणि तेवढ्या अवधीत त्या घराच्या हक्काचं जे काही आहे ते त्याच्या पदरात पाडून द्यायचं. पहिला भाग सगळे करतात, त्याचे फोटो निघतात. दुसरा भाग टाळला की तेच घर तीन वर्षांनीही पिशवीसाठी उभं दिसतं, आणि मग लोक म्हणतात, बघा, सवय लागली.

ही पद्धत मुळात अमेरिकेतली. १९६७ साली अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सेंट मेरीज फूड बँक काढली. दुकानदारांचा उरलेला चांगला माल एका गोदामात आणायचा आणि तिथून गरजूंपर्यंत पोचवायचा. तिकडचा उरलेला माल बराचसा डब्यातला, पाकिटातला. आपलं घर सुट्या धान्यावर चालतं, स्वयंपाक दोन वेळा होतो, त्यामुळे तो साचा इथे जसाच्या तसा बसत नाही. मुंबईत शिजलेलं अन्न फिरवणारे वेगळे आणि कोरडा शिधा देणारे वेगळे. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेली रोटी बँक पहिल्या प्रकारची. डबेवाल्यांनीही तसा उपक्रम चालवला. तुम्ही म्हणताय तो दुसरा प्रकार.

कोणाला काय, हे ठरवणारा प्रश्न एकच: चूल आहे का? परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणारे पेशंटचे नातेवाईक, पुलाखालची कुटुंबं, स्टेशनबाहेर झोपणारे हमाल, यांना दहा किलोची पिशवी म्हणजे ओझं. त्यांना गरम जेवण हवं. खोली असलेल्या घराला मात्र रोज कोणाच्या तरी हातचं तयार जेवण घेणं नको असतं. बाईला स्वतःच्या भांड्यात स्वतःच्या चवीचं करायचं असतं. यांच्यामधला एक गट नेहमी सुटतो, तो म्हणजे शेगडी आहे पण सिलिंडर संपलाय असा. एकरकमी आठ-नऊशे रुपये निघत नाहीत म्हणून घरात तांदूळ असूनही पोरं वडापाववर. अशा घराला पिशवीऐवजी गॅस भरून देणं किंवा पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळवून देणं जास्त उपयोगाचं पडतं. देणगीदारांना हे पटवायला जड जातं, कारण सिलिंडरवर मंडळाचं नाव छापता येत नाही.

शिजलेल्या अन्नाच्या भानगडीत सुरुवातीला पडू नका, असं मी स्पष्ट सांगेन. लग्नाच्या हॉलमधून रात्री साडेअकराला फोन येतो, दोनशे माणसांची बिर्याणी उरली आहे, घेऊन जा. कधी शिजली, कोणी सांगत नाही. मुंबईच्या दमट हवेत भात चार तासांत धोक्याचा होतो. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जिवाणू वाढतो आणि त्याचं एक विष पुन्हा उकळलं तरी जात नाही. उरलेल्या अन्नासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे वेगळे नियम आहेत. वाटप करणाऱ्या संस्थेने नोंदणी करायची, कोणाकडून काय घेतलं आणि कुठे दिलं याची वही ठेवायची. गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि गार अन्न ५ अंशांच्या खाली ठेवायचं, हा तर स्वयंपाकघराचा साधा नियम. गाडी, थर्मल डबे आणि रात्री जागणारी माणसं असतील तरच हे करा. नसतील तर अशा फोनसाठी रोटी बँकेसारख्या संस्थेचा नंबर मंडळाच्या फळ्यावर लावून ठेवा.

आता घरं शोधायची कशी. फॉर्म वाटू नका. फॉर्म वाटले की पहिल्या दिवशी ओळखीचे येतात, ज्यांना खरी गरज आहे ती बाई कामावर असते. अंगणवाडीताई, आशाताई, महापालिका शाळेतल्या बाई यांना विचारा. कोणाचं पोर खिचडी दोनदा मागतं हे शाळेत सगळ्यांना माहीत असतं. पण माझा सगळ्यात भरवशाचा माणूस म्हणजे गल्लीतला वाणी. त्याच्या उधारीच्या वहीत सगळी वस्ती असते. कोणाची बाकी वाढतेय, कोणी तेल पाव किलोवरून दहा रुपयांच्या पुडीवर आलं, आणि कोणाला त्याने उधारी बंद केली, हे त्याला महिनाभर आधी कळतं. वाण्याने उधारी बंद केलेलं घर म्हणजे तुमचं पहिलं घर.

घरी गेल्यावर “जेवण पुरतं का?” असं विचारलंत तर उत्तर “हो, चाललंय” असंच येणार. कोणतीही स्वाभिमानी बाई दुसरं काय सांगेल? काल रात्री काय केलं होतं, विचारा. डाळ शेवटची कधी आणली. गॅस कधी भरला. वाण्याकडे किती बाकी. रेशन कार्ड कुठल्या रंगाचं आणि त्यावर कोणाकोणाची नावं. कार्ड बघायला मागा. पाच माणसांच्या घरात कार्डावर दोनच नावं असली की निम्मा प्रश्न तिथेच सापडतो.

पिशवीत काय घालायचं यावर मात्र मी हट्टी आहे. देणगी आली की ती तांदळाची आणि गव्हाची येते. धान्यदान म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोतंच येतं. पण ज्या घराला रेशन मिळतंय त्याच्याकडे तांदूळ आहे. नाही ती डाळ, नाही ते तेल. तीन भाग धान्याला एक भाग डाळ-कडधान्य असं प्रमाण जेवणात असावं. चौघांच्या घराला रेशनचं २० किलो धान्य आलं तर त्याला सहा-सात किलो डाळ हवी, आणि घरात महिन्याला येते एखाद किलो. म्हणून रेशन चालू असलेल्या घराची आमची पिशवी अशी: तूरडाळ २ किलो, मसूर किंवा मूगडाळ १ किलो, मटकी-चवळी-हरभरा मिळून १ किलो, तेल २ लिटर, शेंगदाणे १ किलो, गूळ १ किलो, मीठ, तिखट, हळद, साखर, चहापूड. अंगाचा आणि कपड्याचा साबण. घाऊक घेतलं तर हजार रुपयांच्या आसपास, वाण्याकडून घेतलं तर बाराशेपर्यंत जातं. ज्यांचं रेशन बंद आहे त्यांना यात तांदूळ आणि आटा वाढवायचा. आटाच, गहू नको, दळणाचे पैसे वाचतात.

चहापूड-साखरेवर बैठकीत हमखास कोणीतरी हरकत घेतं, ही काय चैन आहे का. पहाटे पाचला उठून चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला तिच्या घरी चहा नसावा, असं म्हणणाऱ्याला मी पुढची बैठक चहाशिवाय घ्यायला सांगते.

जमलं तर तयार पिशवीऐवजी दुकानासारखी मांडणी करा. प्रत्येक घराला ठरावीक रकमेचं कार्ड आणि त्यातून बाईने स्वतः वस्तू निवडायच्या. बिहारच्या घराला सत्तू आणि मोहरीचं तेल हवं असतं, कोकणातल्याला उकडा तांदूळ आणि कुळीथ, तान्ह्या मुलाच्या आईला नाचणी. जागा नसेल तर दोन-तीन वाण्यांशी बोलून कूपन चालू करा. माल ते देतील, महिन्याला बिल मंडळ देईल. गोदाम नको, किडे नकोत, आणि बाई नेहमीच्या दुकानात नेहमीसारखी जाऊन सामान आणते, कोणाला कळतही नाही. मंडळासाठी मला हाच मार्ग सगळ्यात बरा वाटतो. मंडळाच्या खोलीत पोती रचायचीच ठरलं तर पावसाळ्याचा विचार करा: लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून हातभर लांब, आधी आलेला माल आधी बाहेर. तांदळाला सोंडे आणि रव्याला जाळी लागायला जुलैत फार दिवस लागत नाहीत.

लोक धान्य विकतात का? विकतात, काही जण. तांदूळ विकून डाळ आणतात, औषध आणतात, मुलाची वही आणतात. यात मला चोरी दिसत नाही. घराला तांदळापेक्षा दुसऱ्या कशाची गरज होती आणि आपण विचारलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. मांडणी किंवा कूपन ठेवलं की विक्री जवळजवळ थांबते. नवरा दारू पितो म्हणून घर यादीतून काढा, असं सांगणारेही भेटतील. पोरं पीत नाहीत. कूपन बाईच्या नावावर काढा. अन्नसुरक्षा कायद्यातही कुटुंबप्रमुख म्हणून १८ वर्षांवरची सगळ्यात मोठी बाईच धरली आहे.

दुसरा भाग, हक्काचं मिळवून देण्याचा, इथे खरा वेळ जातो. शिधावाटप कार्यालयात बाईने एकटीने जाणं म्हणजे दिवसाची रोजी बुडवणं, आणि एका फेरीत काम होत नाही. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झाल्याशिवाय इथे चढत नाही. मुलांची नावं चढवायची राहून जातात. आधार जोडलेलं नसतं किंवा ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, झालेली नसते, म्हणून नाव असूनही धान्य येत नाही. भांडी घासून घासून बोटांच्या रेषा गेलेल्या बायकांचा अंगठा रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन घेत नाही; म्हाताऱ्यांचंही तेच. आता चेहऱ्यावरून ई-केवायसी करायची सोय आहे, पण ती आहे हे घरी कोणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट तर फारच कमी लोकांना माहीत आहे. ‘एक देश एक रेशन कार्ड’ योजनेत जालन्याचं किंवा आझमगडचं कार्ड मुंबईतल्या दुकानात चालतं. घरातले दोघं गावी आणि तिघं इथे असतील तर धान्य विभागून उचलता येतं. गावचं कार्ड रद्द करून मुंबईचं नवं काढायच्या नादात दोन्हीकडून रिकामे हात झालेली घरं मी बघितली आहेत. आधी गावच्या कार्डाचा नंबर इथल्या दुकानात टाकून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर १९६७ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक त्याला दाखवा. बोलण्याचा सूर बदलतो.

तुमच्या मंडळात निवृत्त बँकवाले, महापालिकेतून सेवानिवृत्त झालेले असतीलच. त्यांना पोती उचलायला लावू नका, या कामाला लावा. सरकारी खिडकीशी न चिडता बोलायची सवय असलेला एक माणूस वर्षभरात जेवढ्या घरांचं धान्य कायमचं चालू करून देतो, तेवढं तुमच्या सगळ्या वर्गणीतून होणार नाही.

रेशनखेरीज आणखी दारं आहेत. अंगणवाडीत सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम जेवण. भाड्याची खोली सारखी बदलणाऱ्या घरांची पोरं कुठल्याच अंगणवाडीच्या पटावर नसतात. दंडाचा घेर मोजायची पट्टी ताईंकडे असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण, तिथे डाळ-गुळाच्या पिशवीचा उपयोग नाही. त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी आहे, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. तुमच्या भागातलं केंद्र चालू आहे का ते एकदा जाऊन बघा आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना सांगा.

क्षयरोगाबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आमच्या भागात आणि तुमच्याही भागात तो घरटी ओळखीचा आहे. झारखंडमध्ये झालेल्या ‘राशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना दर महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्या घरात नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. म्हणजे पिशवी इथे औषधाच्या बरोबरीने काम करते. निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात महिन्याला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली, पण ती एका माणसाची. बाकीच्या घराचं काय? वीस-पंचवीस घरांची यादी करताना क्षयाचा औषधोपचार चालू असलेलं घर पहिल्या पाचात ठेवा आणि उपचार संपेपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने, सोडू नका. यादी आरोग्यसेविकेकडून मागू नका, ती गुप्त असते. तिला सांगून ठेवा, ती घरच्यांना विचारून पाठवेल.

पैसे कधी खर्च करायचे हे किती खर्च करायचे याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. मुंबईत देणग्यांचे हंगाम म्हणजे रमझान, गणपती, दिवाळी आणि मार्च. मार्चमध्ये कंपन्यांना सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठी राखलेला पैसा, संपवायचा असतो. भुकेचा हंगाम वेगळाच आहे. मे महिन्यात शाळा बंद, म्हणजे पोरांचं दुपारचं जेवण बंद. घरकामवाल्या बायकांच्या मालकिणी सुट्टीला गेल्या की बऱ्याच ठिकाणी पगारही कापतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ससून डॉकवर कोळंबी सोलणाऱ्या बायकांना काम नाही. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, छतावर टाकायचं प्लास्टिक. जुलै-ऑगस्टमध्ये नाक्यावरचं काम निम्म्याने कमी आणि तापासाठी दवाखान्याच्या फेऱ्या सुरू. आमच्याकडे सगळ्यात जास्त घरं येतात ती जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून, आणि तेव्हा कपाट रिकामं असतं. दिवाळीत मात्र एकेका घरात फराळाच्या तीन-तीन पिशव्या.

तेव्हा गणपती झाल्या झाल्या ढीगभर किट वाटून मोकळे होऊ नका. पैसे बँकेत ठेवा आणि मे ते ऑगस्ट असे चार महिने, थोडीच घरं घेऊन, सलग द्या. एका घराला एकदा दिलेली पिशवी संपली की ते घर होतं तिथेच. चार महिने दिलं तर उधारी फिटते. साधारण एका घरामागे चार-पाच हजार धरा आणि तुमच्या शिलकीला भागा, किती घरं झेपतात ते कळेल. आकडा लहान निघेल. लाज वाटायचं कारण नाही, पाचशे किटच्या बॅनरपेक्षा तो बरा.

हिशेबाच्या दोन गोष्टी. वर्गणी गोळा करताना धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ सी खाली परवानगी घेतली असेल तर ती उत्सवासाठी असते. शिल्लक अशा कामाला वळवण्यापूर्वी तुमच्या ऑडिटरला विचारा आणि सर्वसाधारण सभेत ठराव करून घ्या. आणि कोणी ५० किलो डाळ देऊन आयकर सवलतीची (८० जी म्हणून ओळखली जाणारी) पावती मागितली तर नम्रपणे नाही म्हणा. वस्तुरूपाने दिलेल्या देणगीला ती सवलत नाही, पैशाने दिलेल्यालाच आहे, त्यातही रोख दिली तर दोन हजारांपर्यंतच.

वाटप संध्याकाळी सातनंतर ठेवा, बायका कामावरून तेव्हा येतात. रांग नको, वेळ वाटून द्या. पिशवी साधी, बाहेरून आत काय आहे ते न दिसणारी, तिच्यावर नाव-फोटो काही नको. नगरसेवकाला बोलवायचंच असेल तर शिधावाटप कार्यालयात अडकलेल्या अर्जांची यादी त्याच्या हातात देण्यासाठी बोलवा.

सुरुवात याच आठवड्यात, पैशाशिवाय करता येईल. मंडळातल्या दोघांनी गल्लीतल्या तीन वाण्यांकडे जाऊन बसावं, दुपारी तीन ते पाच दुकान रिकामं असतं, आणि एकच विचारावं: गेल्या दोन महिन्यांत उधारी कोणाकोणाची बंद केलीत? तो आधी नाही सांगणार. कूपनचं बिल महिन्याच्या महिन्याला चुकतं होईल हे सांगितल्यावर सांगेल.